हंसाने पाठ फिरवली

सोनगीरच्या किल्ल्याखाली रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मानससरोवराहून आलेला राजहंस ओट्यावर पितळी परातीत उभा होता आणि हंसनाथ महाराज भोंग्यावरून गर्जत होते, "हंस दूध नि पाणी वेगळं करतो, जुन्या पोथ्यांत लिहिलंय! आमचा हंस जीवन नि मरण वेगळं करतो! रोग्याकडे पाहिलं, तर औषधाविना बरा. पाठ फिरवली, तर डॉक्टरचा बापही वाचवणार नाही!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. मला तो राजहंस सरळसरळ बदक दिसत होता.

तेवढ्यात भांडी घडवणाऱ्या झुलालला खाटेवरून आणलं. कावीळ झालेली, डोळे पिवळेजर्द. धुळ्याच्या दवाखान्यात निघालेला टेम्पो त्याच्या बायकोने, बेबाबाईने, इथेच थांबवला होता. हंसाने शेपटी हलवली आणि झुलालकडे पाठ केली. झालं! बेबाबाईने हंबरडा फोडला. मेहुण्याने, अभिमनने, लगेच सुरतेच्या नातेवाइकांना फोन लावून सगळ्यांना बोलावलं. "बठ्ठा निंघा! दाजी गया समजा!"

"आरे, मी जित्ता शे!" झुलाल खाटेवरून ओरडला. कोणी ऐकेना.

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. मघापासून मी एकच गोष्ट बघत होते. महाराजांची मूठ जिकडे, हंसाची चोच तिकडे.

भेळवाल्याकडून मूठभर मुरमुरे घेऊन मी पुढे झाले. "महाराज, एकदा तुम्हीच आडवे व्हा. तुमचाच हंस, तुम्हाला तर पाहीलच!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. महाराजांची पंचाईत झाली, ते ओट्यावर आडवे झाले. मी पलीकडे मुरमुरे धरले. हंस गर्रकन वळला.

"बाबाले पाठ दिधी! आते बाबाच मरी!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

अभिमन कळवळून म्हणाला, "महाराज, तुमना घरना नंबर काय शे?"

महाराज ताडकन उठले, तशी मूठ सुटली आणि भिजवलेले गहू ओट्यावर सांडले. हंस त्यांवर तुटून पडला. हास्याचा असा गदारोळ उठला की महाराज कधी पसार झाले, ते कळलंच नाही.

बेबाबाई मात्र हसली नाही. "पण मॅडम, ज्यासले पाठ दिधी, त्या मरनात ना!"

"मेले. सगळ्यात पिवळा रोगी हेरून महाराज मूठ पलीकडे धरायचे. मग तुम्ही त्याला घरी न्यायचात आणि औषध बंद करायचात. ते उपचारावाचून मेले, बेबाबाई."

तिने डोळे पुसले आणि पदर खोचला. "अभिमन, फोन ठेव! टेम्पो काढ!"

झुलाल वाचला. पोथीतला हंस सुंदर आहे, तो पोथीत राहू द्या. घरात कोणी आजारी पडलं तर एवढंच विचारा: डॉक्टरने पाहिलं का?