जमनाच्या कानातली अळी

"निघाली! निघाली अळी!" दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर एकच गलका उठला. वाटीतल्या हळदीच्या पाण्यात पांढरी अळी वळवळत होती आणि बाया हात जोडून पुढे सरसावत होत्या. जमनाच्या कानाला लावून मग वाटीत फुंकलेली पितळी नळी पुसत नळीबाबा मिशीला पीळ देत होता.

"मेंदूपाशी पोचली होती, माउली! अजून पुष्कळ हायत. पर डोक्याला शस्त्र लागलं, तर साऱ्या आत शिरतील!"

हिरा गर्दीतून पुढे आली. तिच्या थोरल्या बहिणीला, जमनाला, वर्षभर कानात नि गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येई. वारा लागला, घास चावला, तरी ती किंचाळे. दाढदुखी समजून तिच्या धडधाकट दाढा उपटून झाल्या. आता ती नुसत्या पेजेवर होती. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी निदान केले: मेंदूजवळ एक रक्तवाहिनी नसेवर दाबते आहे, शस्त्रक्रियेने ती सोडवता येईल. उद्याच दाखल व्हायचे होते.

"मी नाय जात," जमना म्हणाली. "अळी डोळ्यांनी बघितली ना?"

हिरा वाटीवर वाकली आणि चटकन मागे सरली. सडलेल्या बोंबलाचा वास! सुक्या मासळीत मुरलेल्या गावाला तो जाणवलाच नव्हता. हिराचा संसार बोईसरच्या कारखान्याजवळ. तिचे नाक आता त्या वासाला सरावलेले नव्हते.

तिने नळी हिसकावून रिकाम्या करवंटीत जोरात फुंकली. नळीत दडवलेला कापसाचा ओला बोळा पडला, पाठोपाठ अळ्या.

"बाबा, या करवंटीला पण कळा येतात काय?"

बोंबील सुकवणारी शेजारची गोमाकाकी पुढे झाली. "अगं, ह्या तर बोंबलाच्या अळ्या! काल मी फेकलेल्या सडक्या ढिगात हाच उकरत होता!"

"कोप होईल!" बाबा पुटपुटला, पण निघण्यासाठी त्याचा हात झोळीकडे गेला होता. वेदनेने कळवळणाऱ्या बाईच्या कानाला ही घाण लावायची! असल्याला बाबा म्हणणारी जीभ झडावी.

जमना मुंबईला गेली. डॉक्टरांनी कानामागून कवटीला लहानसे छिद्र पाडले आणि नस नि रक्तवाहिनी यांच्यात इवलीशी गादी सारली. कळ थांबली. त्या कानाने थोडे कमी ऐकू येते, ते डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

पुढे जवळच्या माहीम गावात कुणी बाई कान फुटलेल्या पोराला घेऊन दुसऱ्या बाबाकडे निघाल्याचे कळताच जमना स्वतः आडवी गेली.

"अळी दाखवली म्हंजे रोग सापडला नाय, बाय. ती आली कुठनं, ते आदी विचार. आनि पोराला दवाखान्यात ने."