पंगतीत बसलेला एल

ज्या साली हौसाबाईच्या धाकटीचं, मंदाचं, लग्न झालं, त्या साली मांडवाच्या कमानीवरच्या इंग्रजी अक्षरांतला एक एल खाली उतरला आणि पहिल्या पंगतीत जाऊन बसला.

एल थर्माकोलचा होता, कडेला सोनेरी जर. पाठ ताठ आणि पाय समोर लांब करून तो पानावर बसला. वाढप्यांनी त्याला भात वाढला, आमटी वाढली, बुंदी वाढली. बुंदी त्याने पुन्हा मागून घेतली.

"पंगतीत पाय पसरून बसतात का कुणी?" विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्याकडचाच दिसतो."

"आमच्याकडचाच," हौसाबाई म्हणाली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. कमानीवर लावायचा इंग्रजी शब्द तिनेच पाटीवर लिहून दिला होता. साक्षरता वर्गात मराठी अक्षरं पुरी झाली तशी तिला इंग्रजीची चटक लागली होती. वेल म्हणजे चांगलं, कम म्हणजे या. दोन्ही जोडलं की वेलकम. वेलमधले दोन्ही एल तिने ठसठशीत काढले, आणि मंडपवाल्या इनूसभाईने पाटीवर होतं तसं कापून टाचलं.

खैरमोडे गुरुजी कमानीखाली उभे राहून वर बघत होते. त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"हौसाबाई, आता शब्द बरोबर झाला बघा. वेलकममध्ये एल एकच."

"आणि वेलमध्ये दोन? ही कुठली रीतभात?"

"एकटं असताना दोन. जोडून आलं की एक गळतो. पुष्कळ जण चुकतात."

"आणि अर्थ? तोही गळतो का?"

"नाही, अर्थ राहतो. ज्याचं येणं मनापासून हवं होतं तो आला, असा अर्थ आहे."

हौसाबाईने पदर खोचला आणि ती पंगतीकडे गेली. पंगतीत सगळ्यांची जेवणं झाली होती. पण एल उठत नव्हता, आणि एक जण जरी पानावर असला तरी पंगत उठत नाही. वऱ्हाडी, गाववाले, सगळे उष्टे हात वर धरून बसले होते. तिकडे बोहल्यावर अंतरपाट धरलेला. भटजींनी 'शुभ' म्हटलं होतं आणि 'मंगल' गालात धरून ठेवलं होतं. उष्ट्या हाताने अक्षता कोण टाकणार?

"उठा की हो पाहुणं," हौसाबाई एलला म्हणाली. "मुहूर्त चाललाय."

"माझ्या शेजारचं पान रिकामं आहे," एल म्हणाला. "ते जेवलं की उठतो."

"कुणाचं पान?"

"मी नुसती जागा धरलीय. कुणासाठी ते घरच्यांना ठाऊक."

इनूसभाई म्हणाला, "एवढंच ना? मी बसतो." तो बसला. त्याच्या पलीकडे दुसरं रिकामं पान आलं आणि एल सरकून त्याच्याशेजारी जाऊन बसला. मग विहीणबाईंचे भाऊ बसले. त्यांच्यापलीकडे आणखी एक पान. मग बँडवाले बसले, टेम्पोवाला बसला, रस्त्याने चाललेला बांगडीवाला टोपली उतरवून बसला. पंगत मांडवातून बाहेर पडली, डांबरी ओलांडून उसात शिरली. ओढ्यावर तिच्या पत्रावळी पाण्यावर मांडल्या गेल्या आणि माणसं पाण्यावर मांडी घालून बसली. कुणाचं धोतर भिजलं नाही. वाढपी बादल्या घेऊन पळत होते आणि बुंदी सरत नव्हती.

"हौसे," नवरा म्हणाला, "पंगत कुठल्या अंगाला चाललीय बघितलंस का?"

"बघितलं."

"माळवाडीच्या अंगाला."

"बघितलं म्हटलं ना."

माळवाडीला तिची थोरली बहीण भागूआक्का राहत होती. पाच-सहा वर्षांमागे उन्हाळ्यात दोघी शेवया करायला बसल्या असताना भागूआक्का म्हणाली होती, "हौसे, ह्या शेवया हायत का दोरखंड? ह्यानं बैल बांध." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मंदाच्या लग्नाची पत्रिका हौसाबाईने एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडली होती. पत्रिका छापील होती, झकास होती. पण त्यांच्यात पत्रिका म्हणजे नुसता कागद. घरच्या माणसाने उंबऱ्यापर्यंत जायचं, पिवळ्या तांदळांची अक्षत हातावर ठेवायची आणि तोंडाने म्हणायचं, लग्नाला या. तेच बोलावणं. भागूआक्काकडे कुणी गेलं नव्हतं. हौसाबाईनेच कुणाला जाऊ दिलं नव्हतं.

तिने ओंजळभर अक्षता ओटीत घेतल्या आणि पंगतीच्या कडेकडेने चालू लागली. भीती एकच होती. आक्काने दार लावून घेतलं तर मंदा अशीच अंतरपाटाशी उभी राहील, हार हातात घेऊन, म्हातारी होईपर्यंत.

"हौसाबाई, बसा की, दोन घास खा," उसातली माणसं म्हणत.

"आल्ये," ती म्हणे आणि पुढे जाई. ऊन डोक्यावरच थांबलं होतं. चालता चालता तिला हसू यायला लागलं. का ते तिला कळेना. पंगतीतली माणसंही तिच्याकडे बघून हसायला लागली, आणि हसणं तिच्या पुढे पुढे पळत माळवाडीला पोचलं.

पंगतीचं शेवटचं पान भागूआक्काच्या उंबऱ्यातच होतं. शेजारी एल. आक्का दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हा कोण?" तिने विचारलं.

"आमचा एल. कमानीतनं उतरलाय."

"मघापासनं बसलाय. एक शब्द बोलत नाही. वळण तुझंच."

हौसाबाईने अक्षत तिच्या हातावर ठेवली. "आक्का, मंदाच्या लग्नाला ये."

"आत्ता?"

"आत्ताच. सगळ्यांचे हात उष्टे हायत. तुझा तेवढा कोरडा."

भागूआक्काने मूठ मिटली. बराच वेळ ती तांदूळ चोळत राहिली. मग म्हणाली, "जेवायला काय केलंय?"

"बुंदी. आन् शेवयाची खीर."

"शेवया कुणी केल्या?"

"मीच की."

"मग पातळ वाढायला सांग. माझे दात गेलेत."

दोघी उंबऱ्यातच हसत सुटल्या, एकमेकींना धरून, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एलही हलत होता. त्याची जर चुरचुर वाजत होती. तेवढ्यात मांडवात भटजी 'मंगल सावधान' म्हणाले. ते पंगतीतल्या एकाने शेजारच्याला सांगितलं, त्याने त्याच्या शेजारच्याला, असं करत ते माळवाडीला आलं. भागूआक्काने उंबऱ्यात उभी राहून मूठ उघडली आणि अक्षता फेकल्या. मग ती पानावर बसली, पोटभर जेवली, आणि पंगत उठली.

अक्षता खाली पडल्या नाहीत. त्या पत्रावळींच्या वरून, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून, पिवळ्या रेघेने लग्नाकडे निघाल्या. त्यांना घाई नव्हती. पाखरं त्यांना टिपत नव्हती, वाटेवरची माणसं जराशी वाकून त्यांना जाऊ देत होती.

भागूआक्का पुढल्या साली नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी वारली. अक्षता तेव्हा ओढ्यापर्यंत आल्या होत्या.