मांजराचा फर्मा

"सर, हे पुस्तक वाचून तुम्ही कधी रडलात का?"

पैज मैत्रिणींनी लावली होती, पण प्रश्न विचारून खाली बसताना टकळीला स्वतःचंच कौतुक वाटलं. टकळी हे नाव घरचं, बाबांनी ठेवलेलं. शाळेत ते खरं ठरायला दहावी उजाडावी लागली. त्याआधी वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

मागच्या बाकावर खुसखुस झाली. भाषेच्या सरांनी चष्मा काढला, पुसला आणि सरळ हो म्हणाले.

पुस्तक म्हणजे एक विज्ञान कादंबरी. दोरखंड वळणाऱ्या एका बाईच्या डोक्यात यंत्र बसवतात आणि तिची बुद्धी वाढत जाते. आधी तिला प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशासारखी तरी दिसते. मग हुशारी वाढते तशा उपमा एकेक करून गळतात, उरतात ती नुसती मापं आणि आकडे. ऐन शिखरावर एक वाक्य अर्ध्यात तुटतं आणि तिच्या लहानपणाची सोळा पानं येतात, उपमांनी गच्च भरलेली, सगळी आईच्या हातांबद्दल. लेखकाची कमाल ती इथेच, असं सर आठ वर्षं शिकवत आले होते. वाक्य तुटतं, कारण तिचं मन तुटतं. शेवट मात्र लेखकाने जरा घाईत उरकलाय, असंही ते दरवर्षी म्हणत.

"त्या सोळा पानांवर रडलो," सर म्हणाले. "माझी आई तेव्हा मला ओळखेनाशी झाली होती. तिला मी तीच पानं वाचून दाखवायचो."

खुसखुस थांबली. पैज जिंकूनही टकळीला जिंकल्यासारखं वाटेना.

शाळेत त्या पुस्तकाची एकच प्रत होती, तिच्यातूनच सर मोठ्याने वाचत, आणि आता तिची पाठ पार खिळखिळी झाली होती. बाइंडरची लेक म्हणून सरांनी ती टकळीच्याच हातात दिली.

बाबांचा कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. खळीचा आंबूस वास, पुठ्ठ्यांची चळत, खिडकीखाली दाभण आणि मेण लावलेला दोरा. सहा वर्षांची असताना टकळी इथे कामाला होती म्हणा ना. एका फर्म्यात घडी घातलेली सोळा पानं. ती एकेक फर्मा क्रमाने बाबांना द्यायची आणि बाबा शिवायचे. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत जायचा, तिची बडबड चालू असायची, आणि बाबा दोरा दातांत धरून नुसतं हूं हूं करायचे. पुढे शाळा, क्लास, मैत्रिणी. ते स्टूल आपण कधी सोडलं, हे तिला आठवतसुद्धा नव्हतं.

आज ती त्यावर बसली. स्टूल फारच बुटकं झालं होतं. जुना दोरा कापून तिने पाठ उघडली, तर मधल्या एका फर्म्याच्या घडीतून, शिवणीत दडलेलं, पेन्सिलीचं मांजर बाहेर आलं. शेपूट कानातून उगवलेलं.

मांजर तिचंच होतं. शाळेची ही प्रत तेव्हाही बाबांकडेच बांधायला आली होती. ते काढायला तिने एक फर्मा मांडीखाली लपवला होता, आणि काम अर्ध्यावर आल्यावर घाबरून सापडेल तिथे सरकवून दिला होता. पानांखालचे आकडे वाळवीने आधीच खाल्लेले. बाबांनी तपासलं नाही. लेकीने दिलं म्हणजे बरोबरच असणार.

तिने तो फर्मा उचलून पहिल्या फर्म्याच्या मागोमाग ठेवला. तुटलेली वाक्यं दोन्हीकडून जुळली. मग ती तिथेच बसून पुस्तक वाचत गेली. उपमा गळत गेल्या त्या गेल्याच, दोनशे पानं एकही नाही. शेवटच्या पानावर यंत्र बंद पडतं, बाई दोर हातात घेते आणि म्हणते, हा आईच्या हातांसारखा खरखरीत आहे.

टकळी ढसाढसा रडली.

चहाच्या वेळी तिने सगळं सांगून टाकलं. बाबांचा कप हवेतच राहिला. पस्तीस वर्षांत आपल्या हातून एक पान उलटं गेलं नाही, हा त्यांचा अभिमान. आईला मात्र हसू आवरेना. पोरीच्या मांजराला सर साहित्य म्हणून शिकवत होते म्हणजे काय.

बाबांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "होता तिथेच शिवू. त्यांच्या आईची आठवण आहे ती. कशाला दुखवायचं?"

टकळीलाही दुपारभर तेच वाटत होतं. तिने मांजराकडे एकदा पाहिलं.

"नाही बाबा. उद्या मी सरांना हे मांजर दाखवणार. फर्मा त्याच्या जागी मीच शिवणार, तुम्ही नुसतं बघायचं. ती सोळा पानं कुठे जात नाहीत, सरांच्या आईचीच राहतील. पण शेवटचं पान दरवर्षी वाचूनही सरांना अजून भेटलेलंच नाही. ते मी त्यांना वाचून दाखवणार आहे."