गतिबाबा आणि रिकामा फ्रीज

सर्व्हरच्या खोलीबाहेर अख्खं ऑफिस श्वास रोखून उभं होतं. यंत्रांची बाधा उतरवणाऱ्या गतिबाबांनी सर्व्हरच्या कपाटावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले, आणि शहरातल्या रक्तपेढ्यांचा साठा दाखवणारं वेबसाइटचं ते रखडणारं पान क्षणात उघडलं. साहेबांनी चक्क हात जोडले. बाबा म्हणाले, तुम्ही यंत्राच्या प्रत्येक कामाची नोंद ठेवता, संशय घेता, म्हणून ते गुदमरतं. झालं! साहेबांनी नोंदी बंद करायला लावल्या. एवढी शिकलीसवरलेली माणसं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

दोनच दिवसांनी प्रोग्रामरबाईंना त्यांच्या दिराचा फोन आला. तो अँब्युलन्स चालवतो.

"वहिनी, पानावर रक्त दिसतंय आणि इथे पेढीत फ्रीज रिकामा आहे. बाळंतिणीला काय तुमचं पान चढवू?"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बाबा तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये सत्कार घेत बसले होते. बाई तिथेच घुसल्या आणि साहेब नको नको म्हणत असताना त्यांनी नोंदी पुन्हा सुरू केल्या. आता माहितीचं कोठार असलेल्या डेटाबेसला प्रश्न विचारणारी प्रत्येक मेथड, म्हणजे प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा, आधी स्वतःचं नाव पडद्यावर लिहिणार होती. बाईंनी डॉक्टरांच्या यादीचं पान उघडलं, नावं भराभर उमटली. रक्ताचं पान उघडलं, एकही ओळ आली नाही.

"बघा, नोंदसुद्धा उरली नाही. हीच शुद्धी," बाबा म्हणाले.

"शुद्धी कसली डोंबलाची! हे पान डेटाबेसला काही विचारतच नाही. शुद्धीच्या नावाखाली साहेबांकडून आधीच पासवर्ड घेतलात, त्या दिवशीचं उत्तर साठवलंत आणि तेच शिळं सगळ्यांना वाढताय."

बाईंनी ते साठवलेलं उत्तर पुसलं. पान पुन्हा रखडलं, पण पडद्यावर एकाच मेथडचं नाव खालोखाल उमटत गेलं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीसाठी डेटाबेसकडे वेगळा हेलपाटा! सगळं एका खेपेत विचारलं असतं तर पान कधीच रखडलं नसतं. बाधा म्हणतात ती एवढीच होती. तोवर खरा साठा दिसला. हवं ते रक्त स्टेशनामागच्या पेढीत होतं. बाईंनी दिराला तिकडे पिटाळलं.

बाबांनी शाल सावरली आणि दाराकडे सरकले. शेवटी फोन वाजला.

"मिळालं, वहिनी. चढवतायत."

बाईंनी फोन ठेवला. मग साहेबांना म्हणाल्या, "उद्या दुसरा कुणी बाबा येईल. त्याने झटकन उत्तर दिलं की हात जोडायच्या आधी एवढंच बघा, की उत्तर देण्यापूर्वी त्याने कुणाला काही विचारलं होतं का."