गच्चीवरचा राउटर

पुलाच्या कामासाठी घरापासून लांब आलेला वेल्डर रोज संध्याकाळी आपला छोटा वायफाय राउटर घेऊन मुक्कामाच्या इमारतीच्या गच्चीवर जायचा. खाली दरीत फोनवर आवाज यायचा, पण चित्र दिसायचं नाही, आणि त्याच्या आईला तर ऐकूच येत नव्हतं. मायलेकरं हातांनी बोलायची.

एके दिवशी भरदुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, व्हिडिओ लाव. आई मला काही सांगूच देत नाहीये."

काम टाकून तो राउटर घेऊन गच्चीवर धावला. फोरमनही मागोमाग आला. चित्र येत होतं, गोठत होतं. शेवटी फोरमनने राउटर हातात घेऊन उंच धरला, तेव्हा कुठे आई नीट दिसली.

तिने आधी विचारलं, जेवलास का? मग सावकाश खुणा करत सांगितलं, की बाबा जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. तिची एकही खूण चुकली नाही.

"मी निघालोच," त्याने हातांनी सांगितलं. आईने मान डोलावली, पण फोन ठेवला नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. फोरमनचा हात भरून आला होता, तरी त्याने तो खाली घेतला नाही.