गाढवाच्या मनाचा ताबा

बायको गेल्यावर दोन महिन्यांनी मेहुणा घरी आला. तिचा धाकटा भाऊ. औषधांचं दुकान चालवतो. वय चाळीस, अक्कल बारा. आला तो दारातच चपला चाचपत उभा राहिला.

"भाऊजी, रविवारी याल का? ताईचं अडकलंय."

"काय अडकलंय?"

"ताई अजून गाढव आहे."

मी लिफ्टचा मिस्त्री आहे. हातात पाना होता. तो खाली ठेवला, कारण माणसानं स्वतःला सांभाळून असावं.

मेहुणा आणि त्याची मंडळी दर रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. एक जण योद्धा होतो, एक चोर, एक कुणाच्याही मनात शिरणारा. दिसत काहीच नाही. नुसतं बोलायचं आणि फासे टाकायचे. घरी कर्ज, गुडघेदुखी, पोरांच्या परीक्षा, आणि इथे म्हणे किल्ला सर करतात. बायको त्यांच्यात रूप बदलणारी होती. संध्याकाळी घरी येऊन आज मी घार झाले, आज मी मगर झाले, असं सांगायची. मी म्हणायचो, आता परत बाई हो, कुकर लाव. ती म्हणायची, मगरीला कुकर लावता येत नाही, तू लाव.

शेवटच्या खेळात शत्रूच्या किल्ल्यात शिरायला ती गाढव झाली होती. पोती लादलेल्या गाढवाला कोण अडवतं? दुसऱ्याच दिवशी तिला इस्पितळात न्यावं लागलं. ती परत आली नाही. गाढव किल्ल्याच्या तबेल्यात राहिलं.

"मग राहू दे," मी म्हटलं.

"राहून चालत नाही ना! जास्त दिवस जनावराच्या रूपात राहिलं की मन झिजत जातं. शेवटी नुसतं जनावर उरतं. नियम आहे." मेहुणा अगदी काकुळतीला आला होता. "खेळातलं माझं कॅरेक्टर मनात शिरणारं आहे. मी ताईच्या मनाचा ताबा घेतो आणि तिला बाहेर काढतो. पण ज्याचं कॅरेक्टर त्याची परवानगी लागते. तो नसला तर घरच्यांची."

"कुणी मरणार हे धरूनच नियम केलात?"

"नाही हो. कुणी लग्नाबिग्नाला गेलं तर, म्हणून."

"आणि बाहेर काढून काय करणार?"

"ताई आमच्यात राहील. तिच्या वतीनं मी बोलेन. तिच्याच आवाजात."

म्हणून मी गेलो. नाही म्हणायला गेलो. तिचा आवाज आता घरात नाही, तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून ऐकायची माझी तयारी नव्हती.

दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत टेबल मांडलं होतं. मध्ये फासे, शेजारी प्लास्टरची बत्तिशी. खेळ डॉक्टर चालवतो. त्याच्या पुढ्यात नियमांचं पुस्तक, विटेएवढं जाड. तिसरी एक शिंपीणबाई. ती योद्धा. हातात शिवणाचं काम तसंच.

"माझी परवानगी नाही," मी उभ्यानंच सांगितलं.

"म्हणजे विरोध," डॉक्टर म्हणाला. "विरोधाचा फासा टाकावा लागेल."

"माणूस नाही म्हणतोय, ते पुरत नाही?"

"मनाचा ताबा आहे हो. नाही म्हटल्यावर थांबला तर तो ताबा कसला?"

"बसा भाऊ," शिंपीणबाई म्हणाली. "नाही म्हणून भागलं असतं, तर आमचे निम्मे रविवार वाचले असते."

डॉक्टरनं बायकोचा वीस बाजूंचा हिरवा फासा माझ्या हातात दिला. कोपरा उडालेला. मी टाकला. दोन आले. मेहुण्याला पंधरा. एवढ्यावर निकाल! माझ्या बायकोच्या मनात पंचवीस वर्षांत मला धड शिरता आलं नाही, आणि हा औषधवाला एका फाशात आत.

मेहुण्यानं कानशिलावर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि बारीक आवाज काढला, "अहो, जेवलात का?"

मला हसू फुटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

"ती मला अहो म्हणायची?"

"आमच्यासमोर म्हणायची."

"तुमच्यासमोर! घरात 'ए मिस्त्री' म्हणायची."

"ए मिस्त्री..." मेहुण्यानं लगेच आवाज लावला.

"खबरदार!" मी टेबलावर हात आपटला. बत्तिशी उडून खाली पडली.

डॉक्टरनं ती उचलून जागेवर ठेवली. मग शिंपीणबाई हळूच म्हणाली, "अरे, त्यांचं राहू दे. तुझ्याशी बोलायची तसं बोल."

मेहुण्यानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. बोटं कानशिलावरच होती.

"मला ओरडायची तेवढंच आठवतंय," तो म्हणाला. "आणि आवाज... आवाज येत नाहीये भाऊजी." त्यानं हात खाली घेतले. "सोडला ताबा."

डॉक्टरनं पानं उलटली. "मग ती पुन्हा गाढव. मन झिजत जाणार. शेवटी फक्त गाढव."

"ते गाढव बोलतं?" मी विचारलं.

"नाही. जनावराच्या रूपात बोलता येत नाही."

एवढ्या जाड पुस्तकात एक तरी नियम शहाण्यानं लिहिला होता.

"मग गाढवच राहू दे. तुमच्यात ठेवा, हवं तिथे न्या. पण तिच्या तोंडी कुणी शब्द घालायचा नाही. यानं नाही, मी नाही."

"तबेल्यातून आणू तिला?" मेहुण्यानं विचारलं.

"आण."

"ती येईल का त्याच्यामागून?" डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला. "हे तुम्ही ठरवायचं."

मी मेहुण्याकडे पाहिलं. औषधं विकणारा माणूस, नाक शर्टाच्या बाहीला पुसत होता.

"येईल," मी म्हटलं. "पण आधी त्याला एक लाथ घालेल."

"का?" मेहुण्यानं विचारलं.

"तिला न विचारता तिच्या मनात शिरलास म्हणून."

डॉक्टर गंभीरपणे पुस्तक चाळू लागला. गाढवाच्या लाथेनं किती लागतं, याचा वेगळा तक्ता निघाला. दात काढायला शिकलेला माणूस! त्यानं फासा माझ्याकडे सरकवला.

"भाऊजी, जरा बेतानं," मेहुणा म्हणाला.

मी टाकला.

"सतरा," डॉक्टर म्हणाला. "बरगडी गेली."

"एकच?" मी म्हटलं.