छापाची बाजू आत

बादलीतल्या पाण्यात तिने कोपर बुडवून पाहिलं. पाणी गार होतं, तरी तिने नळाचं आणखी एक मग ओतलं. मग टी-शर्ट उलटा केला, छापाची बाजू आत घेतली आणि तान्ह्या बाळाला धरावं तसा दोन्ही तळव्यांवर घेऊन तो पाण्यात सोडला. चोळायचं नाही, पिळायचं तर नावच काढायचं नाही, वाळवायचा सावलीत आणि इस्त्री आतल्या बाजूने, वर सुती फडकं टाकून. छपाईवाल्याने दोन वर्षांपूर्वी घोकून घेतलेला हा पाठ तिला झोपेतही म्हणता आला असता.

"जपलंत तर तुमच्यापेक्षा जास्त टिकेल बघा," तो म्हणाला होता. तेव्हा ती हसली होती.

टी-शर्टच्या छातीवर मोठ्या लाल अक्षरांत एकच शब्द होता: सूनबाई.

अक्षर सासऱ्यांचं होतं. त्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आपल्याला माणसं आठवेनाशी झालीत हे ध्यानात आलं, त्या दिवशी त्यांनी ब्रश काढला आणि घरातल्या प्रत्येकाचं नातं एकेका कागदावर लिहून दिलं. "हे कपड्यांवर छापून घ्या," ते म्हणाले. "वाचता येतंय तोवर मी चुकणार नाही."

वाचता त्यांना अजून येत होतं. चेहरे तेवढे गेले होते. नवऱ्याच्या अंगावरचा ‘मुलगा’ नवऱ्यानेच दुसऱ्या महिन्यात टॉवेलांबरोबर मशीनमध्ये कढत पाण्यात घातला. तो पापुद्रे सुटून निघाला आणि तेव्हापासून सासरे त्याला गॅसवाला समजत. मान देत, पण सिलिंडर बाहेरच ठेवायला सांगत. नणंदेची ‘लेक’ मात्र कोरी करकरीत होती, कारण ती वर्षातून दोनदा यायची. सुनेच्या स्वतःच्या दोन ‘सूनबाईं’पैकी एकीला भेगा पडल्या. मूळचे कागद छपाईवाल्याने हरवले होते. त्याने जुन्यावरून गिरवून नवा शर्ट छापून दिला, तर सासऱ्यांनी त्यावरून डोळे फिरवले आणि म्हणाले, "हा ऊकार माझा नाही. ही खोटी आहे, हिला बाहेर काढा."

उरला तो हा एक. तो अंगात असला की ते जेवत, गोळ्या घेत, अंघोळीला उठत. नसला की दार अडवून ‘चोर, चोर’ म्हणून ओरडत. म्हणून तो धुवायचा ते दुपारी झोपल्यावर, पंख्याखाली वाळवायचा आणि त्यांना जाग यायच्या आत पुन्हा चढवायचा. हे एक दिवसाआड, दोन वर्षं.

तिला फक्त चार दिवस आईकडे जायचं होतं. आई आजारी नव्हती, कुणाचं लग्नकार्य नव्हतं. तिला आडवं पडायचं होतं आणि उशिरापर्यंत कुणी उठवायला नको होतं. सांगण्यासारखं कारण नव्हतं, म्हणूनच निघता येत नव्हतं.

"जा की," नवरा म्हणायचा. "पण बाबांचं काय?"

"तू आहेस ना."

"मला हात लावू देतात का? गॅसवाल्याकडून कोण अंघोळ घालून घेईल?"

यावर दोघंही हसायचे. मग तो आवाज उतरवून म्हणायचा, "तुलाही ओळखेनासे झाले की बघू. अशा म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेत विचारून ठेवलंय मी."

तो हे तिच्या काळजीनेच म्हणायचा. पण ते ऐकल्यापासून शर्ट पाण्यात सोडताना तिची नजर अक्षरांच्या कडांवर जायची. कड उचलली गेली नाही ना हे ती पाहायची, आणि नसली की तिला बरं वाटायचं का वाईट, हे तिचं तिलाच कळत नसे.

त्या दुपारी शर्ट वाळला तेव्हा सासरे घोरत होते. तिने टेबलावर चादरीची घडी पसरली, इस्त्री तापवली, सुती फडकं घेतलं. ते तसंच बाजूला ठेवून दिलं. मग शर्ट सुलटा केला. आपण काय करतोय ते तिला चांगलं कळत होतं. नंतर ‘चुकून झालं’ म्हणायचं, हेही तिने तेवढ्यात ठरवून टाकलं.

तिने इस्त्री ‘सू’वर टेकवली. प्लास्टिकचा उग्र वास सुटला. इस्त्री उचलली तर अक्षर तिच्या बुडाला चिकटून आलं. तिने ती पुढे ‘न’वर नेली.

"सूनबाई," आतून हाक आली. "अहो सूनबाई."

तिचा हात जागच्या जागी थांबला. हाक मारायला शब्द त्यांना बरोबर आठवायचा. चेहरा आठवत नसे. तिने इस्त्री बंद केली. अंगात साधा कुडता होता, तसं जाऊन चाललं नसतं. जे होतं ते तिने कुडत्यावरच चढवलं. शर्ट अजून कढत होता, छातीला चटका बसला. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

सासरे खाटेवर उठून बसले होते. नेहमीसारखं त्यांनी बोट हवेत फिरवत वाचलं. सुरुवातीला नुसता तांबडा डाग होता. शेवटची दोन अक्षरं शाबूत होती, आणि ती त्यांचीच होती.

ते चटकन उभे राहिले. सदऱ्याची बटणं चाचपली, हात मागे बांधले.

"बाई," ते म्हणाले, "मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते फक्त."

"बस," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. ते आपोआप आलं.

ते बसले. थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिले.

"बाई, घरी कधी सोडणार?"

हे वाक्य दोन वर्षं तिच्या तोंडात होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला रडू आलं. तिने बाहीने डोळे पुसले.

"आई वाट बघत असेल," ते म्हणाले.

"माझीही."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुम्हालापण आई आहे?"

"आहे."

"मग तुम्ही का नाही जात?"

ती खाटेच्या कडेला टेकली. खिडकीतून खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिने ती पूर्ण वळेपर्यंत पाहिलं.

"उद्यापासून सुट्टी आहे शाळेला," ती म्हणाली. "चार दिवस. घरी थांबायचं, वेळेवर जेवायचं. गॅसवाले काका येतील, त्यांच्याकडून अंघोळ करून घ्यायची. कुरकुर चालणार नाही."

"त्यांना येते?"

"शिकतील."

संध्याकाळी नवरा आला. त्याची नजर तिच्या छातीवर गेली आणि तिथेच राहिली.

"गेलं?"

"निम्मं. मी सुलट्या बाजूने इस्त्री फिरवली."

"चुकून?"

"नाही."

त्याने टेबलावरच्या इस्त्रीकडे पाहिलं. बुडाला लाल थर वाळला होता. तो नखाने खरवडू लागला.

"ओळखलं का त्यांनी?"

"त्यांच्या शाळेच्या बाई म्हणून." तिने सगळं सांगितलं. "संस्थेला नाही म्हणून कळव. मी चार दिवस आईकडे जातेय."

तो बराच वेळ खरवडत राहिला. मग म्हणाला, "पाणी किती गरम लागतं त्यांना?"

सकाळी तिने शर्ट गार पाण्यातून काढला. ‘ई’ची एक कड उचलली होती, ती अंगठ्याने दाबून बसवली. छापाची बाजू आत ठेवून तो गच्चीच्या सावलीत खालच्या काठाला चिमटे लावून टांगला. मग साधा कुडता घालून पिशवी उचलली.

न्हाऊन, भांग पाडून सासरे दाराशी बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखलं नाही. पण ते ओरडले नाहीत. पाहुण्यांसाठी सरकावं तसे पाय त्यांनी बाजूला घेतले.

"या परत," ते म्हणाले.

"येते," ती म्हणाली.